पराभवानंतरची खरी लढाई : जनरल जेम्स लाँगस्ट्रीट

यादवी युद्ध संपले तरी मनामनांतील वैर संपत नाही. पराभूत पक्षाच्या सेनानीने शांतताकाळात कोणता मार्ग धरावा, हा प्रश्न अमेरिकेत जनरल जेम्स लाँगस्ट्रीट यांच्यापुढे उभा राहिला.

८ जानेवारी १८२१ रोजी साउथ कॅरोलिना येथे त्यांचा जन्म झाला. १८६०-६१ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, तेव्हा ते दक्षिणेच्या सैन्यात दाखल झाले आणि सरसेनापती रॉबर्ट ली यांचे विश्वासू सहकारी ठरले. १८६२ च्या आरंभी रिचमंड येथे पसरलेल्या तापाच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली. मे १८६४ मध्ये स्वपक्षाच्याच सैनिकांच्या गोळीने ते गंभीर जखमी झाले. एप्रिल १८६५ मध्ये ली यांनी शरणागती पत्करली.

युद्धोत्तर काळात ते लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे स्थायिक झाले. १८६७ साली काँग्रेसने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणारे कायदे केले. आपण हरलो आहोत, तेव्हा कायदा मान्य करावा, असे लाँगस्ट्रीट यांनी वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडले. त्यांच्या या भूमिकेत व्यवहारबुद्धीचा भाग मोठा होता, हे नाकारता येणार नाही. तथापि पुढे त्यांनी रिपब्लिकन पक्षाची कास धरली, जुने मित्र राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडून जकात खात्यातील पद स्वीकारले आणि राज्याच्या नागरी सेनेचे नेतृत्व केले. त्या सेनेत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने होते.

१४ सप्टेंबर १८७४ रोजी 'व्हाइट लीग' या सशस्त्र संघटनेने राज्य सरकार उलथवण्यासाठी न्यू ऑर्लिन्समध्ये उठाव केला. बंडखोरांत दक्षिणेचे अनेक माजी सैनिक होते. एकेकाळच्या आपल्याच माणसांसमोर लाँगस्ट्रीट उभे ठाकले. ते जखमी होऊन कैद झाले. काही दिवसांतच केंद्रीय सैन्याने सरकार पुनःस्थापित केले; परंतु गौरवर्णीय दक्षिणेने लाँगस्ट्रीट यांना 'द्रोही' ठरविले. १८६३ च्या गेटिसबर्ग येथील पराभवाचे खापरही त्यांच्याच माथी फोडण्यात आले. ली १८७० मध्येच निवर्तले होते. साक्ष देण्यास ते नव्हते.

अशा एकाकी काळात, मार्च १८७७ मध्ये, एपिस्कोपल पंथाच्या लाँगस्ट्रीट यांनी न्यू ऑर्लिन्स येथे कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि अखेरपर्यंत ते श्रद्धेत स्थिर राहिले. पुढे त्यांनी तुर्की साम्राज्यात अमेरिकेचे राजदूत म्हणून काम केले. २ जानेवारी १९०४ रोजी जॉर्जियातील गेन्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीत प्रवचन केले ते सव्हानाचे बिशप बेंजामिन कायली यांनी. तरुणपणी तेही दक्षिणेचे सैनिक होते.

१४ सप्टेंबरच्या बंडखोरांच्या गौरवार्थ न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली स्तंभ उभारण्यात आला होता. तो २०१७ मध्ये हटविण्यात आला. गेटिसबर्गच्या रणभूमीवर लाँगस्ट्रीट यांचा पुतळा मात्र १९९८ साली, युद्धाला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटल्यावर उभा राहिला.

लाँगस्ट्रीट संत नव्हते. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या सैन्याचे ते सेनानी होते, हा इतिहास पुसता येत नाही. परंतु पश्चात्ताप म्हणजे केवळ शब्द नव्हे, तर दिशा बदलणे होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दिशा बदलणाऱ्याला प्रथम स्वकीयांचाच रोष पत्करावा लागतो. आपल्या गावात, समाजात वा कुटुंबात जुने वैर सोडून न्यायाच्या बाजूने उभे राहणाऱ्याला आपण द्रोही म्हणतो की बंधू, याचा विचार प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक करावा.