मुळांवरील गाठी : शेतातील एक सहजीवन

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. आश्रमाच्या शैक्षणिक कार्यात कृषी शिक्षणालाही स्थान मिळालेले आहे. या परिसरात खरीप हंगामात सोयाबीनची पेरणी मोठ्या प्रमाणावर होते आणि तिच्या जोडीला तुरीच्या ओळी उभ्या असतात. वर डोलणारे पीक सर्वांना दिसते. परंतु त्या पिकाच्या भरणपोषणाचा एक मोठा व्यवहार जमिनीखाली, मुळांवरील मोहरीएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या गाठींमध्ये चालू असतो. या व्यवहाराची जाण ठेवली, तर शेतकऱ्याचा खर्च वाचतो आणि जमिनीचा कसही टिकतो.

सहजीवन म्हणजे काय?

दोन भिन्न जातींचे जीव निकट संबंधाने एकत्र राहतात, त्यास सहजीवन म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ साली ही संकल्पना मांडली. अशा संबंधाचे प्रकार अनेक आहेत. आंब्यावरील बांडगूळ झाडातील रस घेते व झाडाला काहीच देत नाही. हे परजीवन होय. चरणाऱ्या गुरांमागे फिरणारा गायबगळा गवतातून उडणारे कीटक टिपतो; त्यात बगळ्याचा लाभ उघड आहे, गुरांचे मात्र विशेष काही बिघडत नाही. उंबर आणि त्याच्या फळात वाढणारी चिमुकली माशी यांचे नाते याहून घट्ट आहे. माशीवाचून उंबराचे परागीभवन होत नाही आणि उंबरावाचून माशीची पिढी वाढत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद ही शिंबावर्गीय पिके आणि रायझोबियम कुळातील जीवाणू यांचे नाते अशाच परस्परोपकाराचे आहे.

देवाणघेवाण कशी चालते?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे. परंतु वनस्पतींना तो सरळ वापरता येत नाही. कारखान्यात त्याचे खतात रूपांतर करण्यासाठी ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हेच कार्य मुळांवरील गाठींतील जीवाणू जमिनीच्या साध्या तापमानात करतात. हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली हे रहस्य उलगडले, तर हॉलंडमधील बायरिंक यांनी १८८८ साली गाठींतून हे जीवाणू वेगळे काढून दाखविले.

कोवळे मूळ जमिनीत काही विशिष्ट रासायनिक द्रव्ये सोडते. त्या खुणेने योग्य जातीचा जीवाणू मुळाकडे येतो, मूलरोमातून आत शिरतो आणि तेथे गाठ तयार होते. झाड पानांत तयार झालेली शर्करा जीवाणूंना पुरविते; जीवाणू हवेतील नत्र झाडाला उपयुक्त रूपात देतात.

या व्यवहारात झाड डोळसही असते. सोयाबीनवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ज्या गाठींतील जीवाणूंना नत्र स्थिर करता येऊ नये अशी व्यवस्था केली होती, त्या गाठींत जीवाणूंची वाढ निम्म्यावर आल्याचे आढळले. जो भागीदार काम करीत नाही, त्याच्यावर झाड व्यर्थ खर्च करीत नाही.

माणसाच्या हातून होणारी हानी

आयते नत्र भरपूर मिळाले की झाड गाठी तयार करण्याचे कष्ट घेत नाही. म्हणून सोयाबीनला शिफारशीपेक्षा अधिक युरिया देणे म्हणजे फुकट मिळणारे खत नाकारून विकतचे घेणे होय. शेतात पाणी साचून राहिल्यास गाठींना हवा मिळत नाही व त्यांचे काम मंदावते.

दुसरी हानी बीजप्रक्रियेच्या वेळी होते. जीवाणू संवर्धकाचे पाकीट ही सजीव वस्तू आहे. उन्हात ठेवलेले किंवा मुदत उलटलेले पाकीट निरुपयोगी ठरते. बियाण्यास बुरशीनाशक व कीटकनाशक आधी लावावे आणि जीवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावून बियाणे सावलीत सुकवावे, पेरणीही लगेच करावी. शिवाय प्रत्येक पीकगटाचा जीवाणू वेगळा असतो. सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्याला चालत नाही.

सोयाबीन घेतले की जमीन आपोआप सुपीक होते, हा समजही तपासून घ्यावयास हवा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणजे स्थिर झालेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो. मुळे, गळलेली पाने आणि कुटार जमिनीला परत मिळाले, तरच तिच्या वाट्याला काही उरते. कुटार जाळल्यास त्यातील बहुतेक नत्र हवेत निघून जाते.

सहज करता येण्याजोगी पाहणी

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी शेताच्या चार-पाच ठिकाणची झाडे मातीच्या ढेकळासह खुरपीने काढावीत. झाड उपटू नये, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे बादलीतील पाण्यात हलकेच धुऊन गाठी मोजाव्यात आणि काही गाठी पात्याने कापून पाहाव्यात. आतील भाग गुलाबी किंवा तांबूस असेल, तर गाठ कार्यक्षम आहे. हा रंग आपल्या रक्तातील द्रव्याशी साम्य असलेल्या लेगहिमोग्लोबिनचा असतो. पांढरी गाठ कोवळी किंवा निष्क्रिय, तर हिरवट वा तपकिरी गाठ काम संपलेली समजावी. सूत्रकृमीमुळे आलेली सूज मात्र मुळाचाच भाग असते व बोटाने सुटत नाही. खरी गाठ सहज सुटते.

शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून शाळेजवळच्या शेतात करवून घ्यावा. ग्रामपंचायत सदस्यांनी पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि गावात येणारी संवर्धके थंड जागी साठविली जातात की नाही, हे कृषी सहायकांच्या मदतीने पाहावे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून विदर्भासाठी कार्यरत आहे. त्याच्या शिफारशी शेताच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे या सर्वांचे सामायिक काम आहे. झाड आणि जीवाणू आपापला वाटा उचलतातच. तिसरा वाटा माणसाचा आहे.