राखेचा कण आणि खाडीकाठचा स्लॅब

औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळशाचे पीठ करून ते भट्टीत फुंकतात. कोळसा जळतो, त्यातला मातीचा अंश वितळून धुराबरोबर वर जातो, थेंबासारखा गोल होतो आणि गार पडताच काचेचा बारीक गोळा बनतो. विजेच्या भाराने धुरातून ओढून घेतलेले हे गोळे म्हणजे फ्लाय ॲश. नाशिकजवळचे एकलहरे, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर इथल्या केंद्रांत ती निघते. कोकणातल्या म्हसळ्यात घर बांधणारा ती वेगळी मागत नाही. पीपीसी म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंटच्या गोणीतूनच ती येते. भारतीय मानक १४८९ प्रमाणे या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते.

सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा काही चुना मोकळा सुटतो. राखेतली काचरूप सिलिका त्या चुन्याला धरून सिमेंटसारखाच बांधून ठेवणारा पदार्थ तयार करते. चुन्यात विटांची सुरखी मिसळणारे जुने गवंडी याच गुणावर विसंबत. ही क्रिया कणाच्या पृष्ठभागावर चालते, म्हणून राख जितकी बारीक तितकी कामाची. भारतीय मानक ३८१२ नुसार ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त राख उरता कामा नये आणि एक किलो राखेच्या कणांचा एकूण पृष्ठभाग निदान ३२० चौरस मीटर भरला पाहिजे. जाड कण फुकट जात नाहीत, पण ते बारीक रेतीचे काम करतात, सिमेंटचे नाही. धूर गाळणाऱ्या यंत्रात पहिल्या कप्प्यात भरड राख पडते, पुढच्या कप्प्यांत बारीक. त्यामुळे एकाच केंद्राची राखही सारखी नसते.

आकाराचा फायदा गवंड्याच्या हाताला आधी कळतो. गोल कण छऱ्यांसारखे घरंगळतात, माल कमी पाण्यात सुटतो. सिमेंटचे विशिष्ट गुरुत्व ३.१५ च्या आसपास, राखेचे साधारण २.२; म्हणजे वजनाला वजन बदलले तर राख सुमारे ४० टक्के जास्त जागा भरते. खडी-रेतीमधल्या फटी बुजतात, पृष्ठभागावर पाणी कमी चढते. मात्र खाडीवरचा वारा सुटलेला असेल, तर वरचे पाणी लवकर उडून ताज्या स्लॅबवर केसासारख्या भेगा दिसू लागतात.

न जळलेला कार्बन ही खरी खोड. त्याचे कण वेडेवाकडे, सच्छिद्र. ते पाणी आणि मालात घातलेली रसायने पिऊन टाकतात. काचेच्या पेल्यात चिमूटभर राख ढवळली की काळे हलके कण वर तरंगतात. त्यांच्याबरोबर राखेतले पोकळ पांढुरके गोळेही येतात, ते निरुपद्रवी. राख तापवून जे वजन घटते ते ५ टक्क्यांच्या आत असावे, अशी मानकाची अट आहे. रंगावरून अंदाज बांधता येतो, निर्णय नाही.

म्हसळ्यासारख्या ठिकाणी या साऱ्याला वेगळे वजन येते. राजपुरीची खाडी आत गावापर्यंत पोचते, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत जाऊन गंज धरवते. बारीक राखेने ही छिद्रे आकसतात, वाट लांबते. चुना खर्ची पडल्याने काँक्रीटची अल्कता किंचित घटते हेही खरे. सळईवरचे आवरण अपुरे असेल, तर कितीही चांगली राख उपयोगी पडत नाही. किनारपट्टीच्या उघड्या बांधकामाला भारतीय मानक ४५६ किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि ०.४५ पर्यंतच पाणी-सिमेंट प्रमाण सांगते. म्हणजे राख जे पाणी वाचवते, ते पुन्हा घमेल्यात ओतले की सगळा हिशेब फसतो.

राखेची क्रिया सावकाश चालते. पहिल्या आठवड्यात ताकद कमी दिसते, म्हणून सेंट्रिंग काढण्याची घाई धोक्याची. पाणी मारण्याचा काळही लांबतो: मानक ४५६ तो १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करते. कोकणात बांधकामे पावसानंतर सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतात, आणि विहिरी उन्हाळ्यातच तळाला जातात. एप्रिलमध्ये ओतलेल्या स्लॅबवरचे गोणपाट पाचव्या दिवशी कोरडे पडले, तर राखेला लागणारे पाणीच उरत नाही आणि तिचा बराचसा भाग काँक्रीटमध्ये नुसती भर म्हणून राहतो.