सेनापती बापट : यंत्रविद्या, लेखणी आणि मुळशी

पवना धरणाच्या काठच्या तिकोणा पेठेतून दक्षिणेस निघालेला रस्ता पौडला, म्हणजे मुळशी तालुक्यात, उतरतो. या दोन्ही खोऱ्यांनी धरणाचे पाणी पाहिले. मुळशीने ते आधी पाहिले, आणि त्याविरुद्धच्या लढ्याला एक लेखक लाभला. पांडुरंग महादेव बापट (1880–1967) यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. आपल्या वाङ्मयेतिहासाने मात्र त्यांना देशभक्त म्हणून गौरवून लेखक म्हणून बाजूला सारले आहे.

बापट यंत्रशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोस गेले. ब्रिटिश राजवटीवरील टीकेमुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. पॅरिसमध्ये त्यांनी बाँबविद्या मिळवली आणि 1908 मध्ये ती भारतात आणली. पुढे पारनेरला त्यांनी हाती झाडू घेऊन रस्ते झाडले. पुण्यात ‘मराठा’ आणि केतकरांचा ज्ञानकोश यांसाठी काम केले. हा क्रम विस्कळीत वाटतो, पण तो तसा नाही. बाँब असो, झाडू असो वा पद्य, बापटांच्या लेखी ते साधन होते, आणि साधनाची परीक्षा उपयोगात होते. त्यांच्या पद्याला अलंकाराची हौस नाही. ते जमावाने म्हणण्यासाठी रचलेले आहे. एकांतात वाचणाऱ्यास ते रूक्ष वाटले तर नवल नाही.

टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्धचा सत्याग्रह 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सुरू झाला. बापटांचा रोख विजेवर नव्हता, तर कंपनीसाठी सरकारने सक्तीने जमीन घेण्यावर होता. ‘शुद्ध सत्याग्रह’ या त्यांच्या कल्पनेत प्रतिपक्षाच्या यंत्रसामग्रीची मोडतोडही बसत असे. अट इतकीच की, करणाऱ्याने शिक्षेपासून पळू नये. गांधीजींच्या अनुयायांना हे मानवणे शक्य नव्हते. रेल्वे अडवण्याच्या प्रकरणात बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी ती भोगली, धरण झालेच.

प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचा वाटतो तो लढ्याच्या घोषणेचा प्रश्न : ‘जान किंवा जमीन’. जमीन कोणाची? खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. मावळे ती कुळे म्हणून कसत होते. भरपाईचा दर वाढताच सावकाराचा विरोध मावळतो आणि कुळाच्या हाती काहीच येत नाही, हे पुढे दिसले. तीन शब्दांच्या या घोषणेत मालक आणि कूळ हा भेद पुसला गेला होता. ‘मावळा’ या शब्दाभोवतीच्या शिवकालीन तेजाने तो अधिकच झाकला. सभेत जे एकजुटीचे बळ होते, तेच वाटाघाटीत वैगुण्य ठरले. यंत्राचा कच्चा सांधा अचूक हेरणाऱ्या बापटांना भाषेतला हा सांधा जाणवला होता काय, हे त्यांच्या पद्यापेक्षा गद्यात शोधावे लागेल. आणि पदव्युत्तर अभ्यासकांनी हात घालावा असे ते गद्य आहे.