गॉलजवळच्या शाळेत तीन महिने

चोपड्याहून शिवोलीला आता पुलावरून पाच मिनिटांत पोचता येते. आईच्या तरुणपणी शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडावी लागे. म्हणून, मी तीन महिने श्रीलंकेला इंग्रजी शिकवायला जातेय म्हटल्यावर तिने पहिल्यांदा विचारले, "मध्ये समुद्र आसा मां गो?"

समुद्र होता, पण चेन्नईहून कोलंबो विमानाने जेमतेम सव्वा तासाचे. घड्याळसुद्धा बदलावे लागले नाही, कारण दोन्ही देशांची वेळ एकच. पगार मिळणार नव्हता. राहण्या-जेवणाची सोय गॉलजवळच्या एका घरात होती. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली पाली शिकायला कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात गेले होते, हे मला ठाऊक होते. ते शिकायला गेले होते, मी शिकवायला चालले होते. या फरकाचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला. तो फार टिकला नाही.

घरी रुळायला वेळ लागला नाही. ताटात आपल्या उकड्यासारखा लाल भात, नारळाच्या रसातले माशाचे कालवण आणि आंबटपणासाठी 'गोरका'. गोरका म्हणजे कोकमाच्याच कुळातले फळ, आपल्या सोलांचे भावंड. सिंहली आकडेही ओळखीचे निघाले: हत, अट, नवय, दहय. 'स'चा 'ह' होतो एवढे कळले की 'हत' म्हणजे सात हे सांगावे लागत नाही. खिडकीला तिथे 'जनेलय' आणि टेबलाला 'मेसय' म्हणतात. आपल्याकडचे जनेल आणि मेज तेच. पोर्तुगीज तिथेही राहून गेले, आणि शब्द मागे ठेवून गेले.

शाळेत मात्र पहिल्याच दिवशी अडले. तिथल्या सरकारी शाळांत शिक्षिका साडी नेसतात आणि मी नेले होते सलवार-कमीज. घरच्या अम्मांनी त्यांची साडी नेसवली. पांढऱ्या गणवेशातल्या चाळीस मुलांनी उठून नमस्कार केला, काही जणी तर पाया पडल्या. वय माझे बावीस. मला कुठे बघावे ते कळेना.

वर्ग सहावीचा. इंग्रजीच्या मूळ शिक्षिका पन्नाशीच्या, शांत. मी मदतनीस. तिसऱ्या दिवशी वाचताना त्या 'इस्कूल' म्हणाल्या आणि मी मुलांसमोर सुधारले, "स्कूल." त्या हसल्या आणि पुढे वाचत राहिल्या. पण दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात असले की त्या इंग्रजी वाचेनाशा झाल्या. पुस्तक माझ्या हातात देत आणि मागे जाऊन बसत. मुलेही गप्प झाली. मी प्रश्न विचारायचे, चाळीस चेहरे गोड हसायचे आणि उत्तर कुणीच द्यायचे नाही.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत. पाचवीत इंग्रजी माध्यम आले आणि माझ्या एका उच्चारावर वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नव्हता.

आठवडाभराने बाईच बोलल्या. "तुम्ही तीन महिन्यांनी जाल. मग या मुलांशी इंग्रजीत कोण बोलणार? मीच ना?"

रात्री झोप लागली नाही. सिंहलीत शाळेला 'इस्कोले' म्हणतात, हे तोवर मला कळले होते. माझी आजीसुद्धा 'इस्कोल'च म्हणायची. तिला मी कधी सुधारले नव्हते.

मी माफी मागितली आणि एक विनंती केली: रोज तासाची पहिली दहा मिनिटे बाईंनी मला मुलांसमोर सिंहली शिकवायचे. मी फळ्यापाशी उभी राहून चुकायचे आणि वर्ग पोट धरून हसायचा. बाईही हसायच्या. मग हळूहळू मुले इंग्रजीत चुकायला लागली. आधी बाजारातले भाव, मग क्रिकेट, मग घरातल्या तक्रारी. पुस्तक पुन्हा बाईंच्या हातात गेले आणि मी मागे बसू लागले.

तुमच्यापैकी कुणी असे जाणार असाल तर दोनच गोष्टी सांगते. पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवू नका, बिनपगारी काम हेही कामच असते. आणि ज्या वर्गात जाणार, तिथल्या शिक्षकाला तुम्ही हवे आहात का, हे आधी विचारा. तुमच्यानंतर तो वर्ग त्यांनाच सांभाळायचा असतो.

निरोपाच्या दिवशी मुलांनी मला विड्याच्या पानांची जुडी दिली. गुरूला अशी पाने देऊन वाकायची तिथली रीत. मी अम्मांकडून आणखी एक जुडी मागून आणली होती. ती मी बाईंना दिली आणि वाकले.

अधूनमधून त्या वर्गाच्या वाचनाचे रेकॉर्डिंग पाठवतात. त्यात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असतो. 'इस्कूल' अजून 'इस्कूल'च आहे.