शेवटच्या बाकावरून दिसणारा इंग्रजीचा तास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय.

माझी धाकटी बहीण सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. याला छात्रसेवाकाल म्हणतात, आपल्या भाषेत इंटर्नशिप. स्वतः तास घेण्याआधी दुसऱ्यांचे तास मागे बसून बघायचे असतात. परवा तिने एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दिवसभर इंग्रजीचे तास बघितले आणि रात्री मला फोन केला. पहिलंच वाक्य होतं, "दादा, आपण दहा वर्षं शाळेत बसलो, पण तास कधी बघितलाच नाही रे."

हे गमतीने म्हटलेलं वाक्य नाही. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. शिक्षक व्हायला येणारा प्रत्येक जण आधीच हजारो तास शिक्षकांना बघून आलेला असतो, पण विद्यार्थी म्हणून. त्याला फळ्यासमोरचा माणूस दिसतो. तो माणूस काय ठरवून आला होता, हाच प्रश्न का विचारला, त्याच मुलाला का उठवलं, हे दिसत नाही. मग होतं काय, की स्वतःवर वेळ आली की आपण आपल्या जुन्या सरांचीच नक्कल करतो. निरीक्षणाचं काम ही सवय मोडायचं असतं.

तर पहिला तास. नववी, पटावर ५८ मुलं. सर चांगले, आवाज खणखणीत. धड्यातली एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, "समजलं?" विचारायचं, वर्गातून "होऽ सर" आलं की पुढची ओळ. शेवटी प्रश्नोत्तरं फळ्यावर. मुलं उतरवून घेतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इंग्रजी असंच शिकलंय.

बहिणीने इथे एक जुनी पद्धत वापरली. नेड फ्लँडर्स यांनी तयार केलेली. वर्गात जे काही चाललंय त्याचे १० प्रकार करायचे. १ ते ७ शिक्षकाचं बोलणं: भावना समजून घेणं, शाबासकी, मुलांची कल्पना पुढे नेणं, प्रश्न, व्याख्यान, सूचना, रागावणं. ८ म्हणजे विचारल्यावर मुलाने दिलेलं उत्तर. ९ म्हणजे मुलाने स्वतःहून काढलेला विषय. आणि १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. दर ३ सेकंदांनी त्या क्षणी जे चालू असेल त्याचा आकडा लिहायचा. म्हणजे मिनिटाला २० नोंदी. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना अंदाज न लावता लॉग वाचतो ना, तसाच हा तासाचा लॉग.

तिने १० मिनिटं मोजली, २०० नोंदी झाल्या. व्याख्यान १३१. प्रश्न २२. सूचना १७. मुलांची उत्तरं १९, आणि त्यातली बहुतेक 'होऽ सर'. शांतता ११. नऊ नंबर? शून्य.

आता लगेच सरांना नावं ठेवायची घाई नको. मधल्या सुट्टीत तिने विचारलं तर सर म्हणाले, "अर्थ नाही सांगितला तर शेवटचे दोन बाक सुटतात. आणि दहावीला ८० मार्कांचा पेपर लेखी असतो." दोन्ही खरं आहे. मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात, बोलत नाहीत, आणि ज्याची परीक्षा होते तेच वर्गात होतं.

तिसरा तास आठवीचा, मॅडमचा. विषय साधा भूतकाळ. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, काल काय केलंत? आणि गप्प उभ्या राहिल्या. बहीण म्हणाली, तिलाच अवघडल्यासारखं झालं. एक, दोन, तीन, चार सेकंद. मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. "आय गोड टू मामाचं शेत." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "ओह, यू वेंट टू युवर अंकल्स फार्म! व्हॉट डिड यू डू देअर?" पुन्हा तीच शांतता. मग उत्तर आलं, "वुई कट कांदा."

इथे दोन गोष्टी घडल्या. पहिली, थांबणं. मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांमध्ये मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी फक्त १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग शब्द शोधायचे असतात, मग धीर गोळा करायचा असतो. एका सेकंदात कसं जमणार? दुसरी गोष्ट, 'चूक' हा शब्द न उच्चारता बरोबर रूप परत ऐकवणं. 'वेंट' त्या मुलीच्या डोक्यात बसलं का? एका दिवसात कळत नाही. पण हसं झाल्यावरही ती दुसरं वाक्य बोलली.

हे ऐकताना मी जरा गप्प झालो. मी नववीच्या त्या वर्गातला मुलगा. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क होते. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी अख्खं सेमिस्टर एकही शंका विचारली नाही, कारण वाक्य मनात जुळेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असायचे. माझा नऊ नंबरही शून्यच होता.

खरी अडचण संध्याकाळी आली. निरीक्षण वहीवर ज्यांचा तास बघितला त्यांचीच सही लागते. बहुतेक जण काय लिहितात? 'तास प्रभावी झाला. फलकलेखन सुवाच्य होते.' सही मिळते, विषय संपतो. हिच्या वहीत १३१ आणि शून्य. ती म्हणाली, "खोटं लिहू का, की सरांना दुखवू?" तिने मधला मार्ग काढला: विशेषणं काढून टाकली. 'प्रभावी' नाही, 'कंटाळवाणा'ही नाही. फक्त वेळ, आकडे, आणि कोण काय बोललं. निरीक्षण आणि मत यांत फरक असतो तो हाच. मतावर माणूस भांडतो, आकडा बघून विचार करतो.

सरांनी पान बराच वेळ बघितलं. नऊ नंबर म्हणजे काय, ते विचारून घेतलं. सही केली आणि म्हणाले, "मॅडम, उद्या दहावीच्या तासालाही मोजा. पण कोणती दहा मिनिटं, ते मला आधी सांगू नका."

तुम्ही बी.एड. करत असाल, क्लासेसमध्ये शिकवत असाल, नाहीतर घरी भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत असाल, तर मोबाईलचा रेकॉर्डर लावून स्वतःचीच दहा मिनिटं मोजा. आणि प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन म्हणा. मी सुरुवात ऑफिसच्या मीटिंगपासून करतोय, नव्याने आलेल्या मुलाला बोलायला वेळ मिळावा म्हणून.

तुमचा नऊ नंबर किती आला ते कळवा. भेटू पुढच्या भागात.