पाडव्याची वही आणि मार्चची धावपळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कागलच्या गैबी चौकातून एक फेरी मारावी. दुकानादुकानांत नवी वही, वहीवर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी झेंडूचा हार आणि या सगळ्यांच्या मागे यूपीआयचा तो काळ्या ठिपक्यांचा फलक! हल्ली प्रत्येक दुकानाच्या दोन वह्या असतात. एक मालक लिहितो, दुसरी बँक आपोआप लिहीत जाते. मालकाची वही पाडव्याला उघडते, सरकारची 1 एप्रिलला. म्हणजे दिवाळी येते तेव्हा सरकारी वर्ष निम्म्याहून अधिक सरलेले असते. पण काही सुधारायचे म्हटले तर चार-पाच महिने हाती असतात. कराचा विचार करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

आपला शिरस्ता मात्र निराळा. मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला की घरोघरी धावपळ उडते. कुणीतरी ओळखीचा विमा एजंट येतो, ‘टॅक्स वाचेल’ म्हणतो आणि वीस वर्षांचे हप्ते गळ्यात घालून जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. शिवाय ही विहीर आता पुष्कळांना नकोच आहे.

कसे ते पाहू. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पगार वर्षाला 11,40,000 रुपये. 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत जी सवलत दिली, तिच्याप्रमाणे 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न 12 लाखांच्या आत राहिले, तर पगारावर कर शून्य. आमच्या गृहस्थांचे उरते 10,65,000. कर काही नाही. हेच गृहस्थ सवयीने जुन्या प्रणालीत राहिले, दीड लाख भविष्यनिर्वाह निधीत व विम्यात घातले, 25,000 रुपये आरोग्यविम्याला दिले, तरीही त्यांना सुमारे 99,000 रुपये कर पडतो! गृहकर्जाचे व्याज आणि घरभाडे मोठे असेल व पगारही बराच मोठा असेल, तर जुनी प्रणाली फायद्याची ठरू शकते. तेव्हा ऐकीव सल्ल्यापेक्षा दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत. पगारदाराला दर वर्षी निवड करता येते. धंदेवाल्याने मात्र जपून पाऊल टाकावे. त्याला जुन्या प्रणालीत जाऊन परत नवीकडे येण्याची संधी एकदाच मिळते.

आता या गृहस्थांच्या सौभाग्यवतींचे मसाल्याचे दुकान घ्या. वर्षाची विक्री 30 लाख. त्यातले 20 लाख बँकेतून आले, 10 लाख रोखीने. लहान व्यापाऱ्यासाठी कायद्यात अंदाजी नफ्याची सोय आहे. बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर 6 टक्के आणि रोखीच्या विक्रीवर 8 टक्के नफा धरायचा. म्हणजे 1,20,000 आणि 80,000, मिळून दोन लाख. सविस्तर जमाखर्चाची सक्ती नाही. दोन कोटींपर्यंतच्या विक्रीला ही सोय आहे. रोख 5 टक्क्यांहून अधिक नसेल तर तीन कोटींपर्यंत. मात्र खरा नफा जास्त झाला असेल, तर जास्तच दाखवला पाहिजे. मालाची विक्री 40 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणीही आली. कागलहून निपाणीकडे निघाले की कर्नाटक लागते. त्या राज्यात 2025 च्या जुलैत यूपीआयच्या नोंदींवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बँकेची वहीही कुणीतरी वाचते, हे सर्वांना कळले.

घरातल्या वडिलांचा ऊस आहे. कारखान्याच्या बिलाला प्राप्तिकर नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असते. पण गोठ्यातल्या म्हशींच्या दुधाचे बिल शेतीचे उत्पन्न नव्हे. ट्रॅक्टर भाड्याने दिल्याचे पैसेही नव्हेत. पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याजसुद्धा करपात्रच. आणखी एक गैरसमज घरोघरी आढळतो. नवऱ्याने आपले पैसे बायकोच्या नावे ठेवले की व्याज तिचे झाले, असे लोक समजतात. कायदा ते व्याज नवऱ्याच्याच खात्यात धरतो. तिच्या स्वतःच्या दुकानाची कमाई मात्र तिचीच.

वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर तो हप्त्याने आगाऊ भरायचा असतो. दिवाळीनंतरचे दोन हप्ते 15 डिसेंबर आणि 15 मार्चचे. अंदाजी नफा दाखवणाऱ्यांना सारा कर 15 मार्चपर्यंत एकदम भरता येतो. साठी ओलांडलेल्या आणि धंदा नसलेल्या मंडळींना हा व्याप नाही.

एवढे सरळ मार्ग असताना काहीजण आडवाटेला जातात. ‘परतावा काढून देतो, त्यातला हिस्सा मला द्या’ म्हणणारे सल्लागार भेटतात आणि न दिलेले भाडे, न दिलेल्या देणग्या, न घेतलेली कर्जे विवरणपत्रात घालतात. 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर खात्याने अशा प्रकरणी देशभर दीडशे ठिकाणी तपास केला. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने सांगितले. सल्लागार हिस्सा घेऊन बाजूला होतो. विवरणपत्र आपल्या नावाचे असते आणि खोट्या माहितीबद्दल चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंडही आपल्यालाच होतो. 1 एप्रिल 2026 ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही जबाबदारी बदलत नाही.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. आजवर कराच्या धाकाने का होईना, मध्यमवर्गाच्या घरी काही शिल्लक पडत असे. नव्या प्रणालीने तो धाक काढून घेतला. कर शून्य झाला म्हणून बचतही शून्य झाली, तर मुलांच्या शिक्षणाच्या वेळी आणि निवृत्तीनंतर तिची किंमत मोजावी लागेल. विमा घ्यायचा तो घरच्यांच्या आधारासाठी, शिल्लक टाकायची ती उद्याच्या गरजेसाठी. हे ठरवणे आता आपल्याकडे आले आहे.

म्हणून या पाडव्याला वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहा: वर्षाचे अंदाजे उत्पन्न, त्यावर दोन्ही प्रणालींनी होणारा कर आणि दरमहा बाजूला टाकायची रक्कम. हिशेब घरातल्या सर्वांना दाखवा. मग फराळाला बसा. चकली अधिक खुसखुशीत लागेल!