हब उघडण्याचे दिवस : पेण-रोह्याच्या जीपचा मागोवा

जुन्या जीपच्या चाकाचा हब उघडणे हे पेण आणि रोहा तालुक्यांत पावसाळा सरल्यावरचे घरगुती काम होते. चार महिने चाके चिखलातून, ओढ्यांतून आणि खारेपाटातल्या मचूळ पाण्यातून फिरलेली असत. आश्विनातले ऊन पडले की गाडी खळ्यात घोडीवर चढे आणि एकेक चाक खाली येई. हे काम आता मोडीत निघाले आहे. जुन्या गाड्याच रस्त्यावर राहू नयेत अशी व्यवस्था झाली, हे त्याचे ताजे कारण. १५ वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ६०० रुपयांत होत असे. १ एप्रिल २०२२ पासून त्याला ५,००० रुपये पडू लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ही रक्कम १०,००० वर नेली गेली. रायगडचे परिवहन कार्यालय पेणलाच आहे, आणि ‘एमएच ०६’ पाटीच्या सुरुवातीच्या जीप याच शेवटच्या गटात येतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. महिंद्र कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडू लागली. विलीजने १९५३ मध्ये काढलेले सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले, भारतात मात्र ते आणि त्याची भावंडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. साठ आणि सत्तरच्या दशकांतली जीप मुख्यतः सरकारी असे, आणि तिची डागडुजी सरकारी कार्यशाळेत होई. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात खासगी जीप बाळगणारा माणूस विरळाच. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच दशकात एमएम ५४० आली, तिच्यात प्यूजोचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसले, आणि जीप सामान्य कुटुंबाच्या हिशेबात येऊ लागली.

खरा काळ १९८९ ते २००० हा. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केले. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन चालत नाही. एक्सल आणि हब या दोन्ही जागी गाळाचे पाणी शिरते, आणि ते आठवडाभर राहिले तरी बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे टिपके उमटतात. त्यामुळे पुरातून वाचलेल्या प्रत्येक वाहनाची चारही चाके उघडणे भाग होते. पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९९० रोजी, रोह्याला कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. बोगद्यांच्या आणि भरावांच्या कामावर जीपशिवाय पर्याय नव्हता. डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांपर्यंत एसटी पोचत नव्हती. एसटीचे विभागीय कार्यालय पेणला रामवाडीत असूनही पोचत नव्हती, हे नमूद करायला हवे. तिथे कमांडर, मार्शल आणि ट्रॅक्स या गाड्या पोचल्या. सपाटीवर तीनचाकी मिनीडोर आणि चढावर जीप, अशी वाटणी आपोआप झाली. बाजाराच्या दिवशीची भाजी, आजारी माणूस आणि लग्नाचे वऱ्हाड वाहून नेले ते याच वाहनांनी. गणपतीआधी हमरापूर-जोह्याच्या मूर्तीही त्यांनीच पोचवल्या. मूर्ती नेणारा चालक हबच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असे, कारण खेळणाऱ्या चाकाचा थरथराट थेट कच्च्या मातीपर्यंत जातो.

या गाड्यांच्या पुढच्या हबची रचना साधी आहे. एक्सलच्या टोकाला पोकळ स्पिंडल, त्यावर निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे, त्यांच्याभोवती ओतीव हब, आणि हबला ब्रेकचा ड्रम व चाक. बेअरिंगचा आतला रोलरवाला भाग तो कोन, हबमध्ये ठोकून बसवलेले बाहेरचे कडे तो कप. विलीज वळणाच्या जीपला आतले आणि बाहेरचे बेअरिंग एकाच मापाचे लागते. पेटीवर कोनाचा आकडा १८५९० आणि कपाचा १८५२०. एकच जोड चारदा घ्यायचा की पुढची दोन्ही चाके झाली. आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेर दोन मोठे नट आणि मधे वळवायचा पत्र्याचा वॉशर. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला त्यावर सहा बोल्टांची ड्राइव्ह फ्लँज येते. टू व्हील ड्राइव्ह कमांडरला नुसती टोपी, खाचांचा नट आणि स्प्लिट पिन.

दोष ओळखायला यंत्र लागत नाही. चाक उचलून वरून-खालून धरून हलवायचे. खटखट लागली तर एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुन्हा हलवायचे. खटखट थांबली तर हब सैल आहे. तशीच राहिली तर दोष किंगपिनचा. नंतर मोकळे चाक फिरवून स्प्रिंगच्या पाट्यावर हात ठेवायचा. घासल्याची घरघर पाट्यातून तळव्याला कळते. रस्त्यावर हीच घरघर वळणावर वाढते, आणि ज्या बाजूला भार पडतो त्या बाजूचे चाक दोषी असते.

उघडल्यावर जुने बेअरिंग फेकण्याआधी नीट बघायचे, हा त्या काळातल्या चांगल्या मिस्त्र्यांचा दंडक होता आणि तो आजही बरोबर आहे. कपावर तपकिरी खड्डे असतील तर पाणी शिरले, म्हणजे सील गेले. निळसर छटा असेल तर बेअरिंग तापले, म्हणजे नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस संपले होते. रोलरच्या अंतराने सारखे उमटलेले आडवे वळ दिसले तर खड्ड्यांचे धक्के बसले. कारण न शोधता नवे बेअरिंग घातले की तेच दुखणे पुढच्या वर्षी परत येते.

पेण-रोह्यात पहिली दोन कारणे हटकून असत. भरतीच्या जोरात खारबंधाऱ्याला खांड गेली की पेण तालुक्यातल्या वाशी, दादर या गावांच्या बाजूच्या रस्त्यांवर खारे पाणी येई, आणि खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा पोलाद लवकर खाते. दुसऱ्या बाजूला सुकेळी खिंडीचा उतार. भरलेली जीप ब्रेकवर उतरली की ड्रमची उष्णता हबमध्ये जाई. त्या वेळी स्वस्त मिळणारे पिवळे ग्रीस पाण्याला टिके, पण शंभर अंशांच्या आसपासच पातळ होऊन सीलमधून ब्रेक लायनरवर उतरे. लिथियमचे ग्रीस ही उष्णता सहज सोसते. नव्वदच्या मध्यापर्यंत ज्यांनी ग्रीस बदलले त्यांचे हब टिकले. थोड्या पैशांसाठी पिवळ्यालाच चिकटून राहिलेल्यांनी बेअरिंगेही घालवली आणि ब्रेकही.

नवे बेअरिंग बसवण्यात घाई चालत नाही. जुना कप हबच्या आतून, पितळी सळईने, आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकत काढायचा. नवा कप बसवताना तो जुनाच कप, कडेने घासून थोडा बारीक करून, वरून ठेवायचा आणि त्यावर घाव घालायचे; नव्याच्या तोंडावर हातोडा लागत नाही. तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन कोनाची रुंद बाजू त्यात दाबत राहायचे, ग्रीस दुसऱ्या बाजूने रोलरमधून वर येईपर्यंत. मग हब चढवून आतला नट आवळायचा, आणि आवळताना चाक फिरवत राहायचे, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. फिरवण्याचे काम घरातल्या पोराकडे असे. चाक जड झाले की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, वॉशर घालायचा, बाहेरचा नट आवळायचा आणि वॉशरची कड वळवायची. शेवटच्या आवळणीत खेळ पुन्हा बदलतो, म्हणून एकदा तपासून पाहणे ओघाने आलेच.

या सगळ्याचा प्राण तो एक षष्ठांश फेरा आहे. थोडा जास्त आवळला तर बेअरिंग जळते, थोडा सैल राहिला तर सील फाटते आणि स्पिंडल झिजते. हा अंदाज वर्षाला एकदा काम केलेल्या हातालाही दोन-तीन वर्षांत येत असे. पैसे घेऊन काम करणाऱ्या अनेक गॅरेजांत तो नव्हता, ही त्या काळातली जुनी तक्रार आणि ती खरी आहे. स्पिंडलचा नट दोन इंचांहून मोठा; त्याला खोल बॉक्स पाना लागतो. तो विकत घेण्याऐवजी छिन्नी लावून नट ठोकण्याची पद्धत सर्रास होती. अशा नटाच्या कडा गोल झालेल्या असत, स्पिंडलच्या आट्यांत पोलादाचे कण अडकलेले असत, आणि खेळ किती ठेवला ते ठोकणाऱ्यालाही ठाऊक नसे. त्या मानाने घरी काम करणाऱ्यांनी लोखंडी पाइपाचे तोंड कापून, वेल्डिंग करून पाने बनवले आणि वर्षानुवर्षे वापरले. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात हे न बघता जोर लावून स्टड तोडणारेही होते.

मागच्या चाकाला वेगळी अडचण. सीजे-३बीच्या मागच्या एक्सलचे टोक निमुळते असते आणि हब त्यावर चावीने अडकलेला. वर्षानुवर्षे आवळलेला हा हब हाताने निघत नाही. त्याला हब पुलर लागतो. एक पुलर गावात असला तरी पुरे, तो घरोघर फिरे. पुलर नसलेल्यांनी एक्सलच्या टोकावर घण घातला आणि आटे चपटे केले.

कप हबमध्येच फिरू लागला तर घरचे काम संपे आणि लेथचे सुरू होई. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे चांगले टर्नर होते. हबचे भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मापात कातून देणे, किंवा बारीक बुश बसवणे, हे त्यांना येई. सेंटर पंचाचे ठिपके मारून कप तात्पुरता घट्ट करणे ही मात्र फसवणूक होती, आणि ती करणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. तसाच बनावट बेअरिंगचा धंदा. नामांकित छापाच्या पेटीत हलका माल, आणि कोनावर कोरलेल्या आकड्यांच्या जागी छापलेले आकडे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने पण अस्सल बेअरिंग आणणारा माणूस या नव्या बनावटीपेक्षा शहाणा ठरला.

२००० मध्ये बोलेरो आली. पुढची दहा वर्षे सुखाची आणि सपक होती. काळ्या-पिवळ्या जीप कमी होत गेल्या, रस्ते थोडे सुधारले, हबची चर्चा मागे पडली. २०१० मध्ये थार आली आणि मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना जीप पुन्हा आवडू लागली. पण ती आवड उंच टायर आणि दिव्यांची होती. ग्रीसने हात भरण्याची फार थोड्यांची.

२०११ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण सुरू झाले. दशक उलटले तरी वडखळ, नागोठणे, कोलाड हा पट्टा पावसाळ्यात खड्ड्यांचाच राहिला. जुन्या हबच्या कपावर उमटणारे ते आडवे वळ पूर्वी डोंगरवाटेची खूण होते. आता ते राष्ट्रीय महामार्गाची खूण झाले. जीपसाठी रस्ता नसलेल्या वाड्यांचे धक्के एक वेळ समजण्यासारखे होते. करदात्यांच्या पैशाने वर्षानुवर्षे बांधल्या जाणाऱ्या महामार्गाने तेच धक्के द्यावेत, याला कोणतेही कारण पुरत नाही.

याच काळात चाकाची रचनाही बदलली. नव्या गाड्यांत बेअरिंग, सील आणि बहुधा हबसुद्धा एकच बंद नग असतो. त्यात खेळ कारखान्यातच ठरलेला, ग्रीस आयुष्यभराचे. एप्रिल २०१९ पासून प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे चाकाचा वेग मोजणारा सेन्सरही तिथेच आला. सपाट, कोरड्या रस्त्यावर हा नग उघडणीच्या हबपेक्षा जास्त टिकतो यात शंका नाही. पण एकदा पाणी शिरले की त्याला उघडून, धुऊन, पुन्हा भरता येत नाही. सबंध नग बदलायचा. ज्या तालुक्यात वर्षातले चार महिने चाके पाण्यात असतात तिथे ही रचना मालकाकडून दुरुस्तीचा हक्क काढून घेते. तो हक्क कंपन्यांनी मागितला नव्हता आणि ग्राहकांनी दिला नव्हता, तरी गेला.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ आराखड्याबाहेरचा बदल वाहनात करता येत नाही, असा निर्वाळा दिला. भडक सजावटीला त्याने आळा बसला हे चांगलेच. मात्र जुन्या ड्रम ब्रेकच्या जीपला डिस्कचे हब बसवून ती सुरक्षित करणारा मिस्त्रीही आता त्याच निर्वाळ्याच्या कक्षेत येतो.

झिजलेले बेअरिंग बदलणे हा मात्र आराखड्यातला बदल नाही. १८५९० आणि १८५२० आजही बाजारात मिळतात. पेण-रोह्यात ज्या थोड्या जीप उरल्या आहेत त्यांनी योग्यता तपासणीला जाण्याआधी चारही चाके उचलून खेळ पाहावा, सील नवे घालावे, ब्रेक लायनरवर ग्रीसचा डाग नाही याची खात्री करावी आणि पुढचा नट वॉशरच्या कडेने पक्का करावा. नूतनीकरणाच्या १०,००० रुपयांपुढे या सामानाचा खर्च किरकोळ आहे.